काठावरचा माणूस

मास्तरांचा टीव्ही नवा होता आणि डबा जुना. सगळ्या भानगडीचं मूळ एवढंच. आधीचा टीव्ही एके दिवशी धूर सोडून गेला, तेव्हा दुकानदाराने हा रुंद, सपाट टीव्ही त्यांच्या गळ्यात मारला. केबलचा डबा मात्र तोच राहिला, मागच्या जमान्यातला. त्यामुळे चित्र यायचं ते ओढूनताणून बसवलेलं. बातम्या देणारी सडसडीत बाई मास्तरांच्या घरात आली की गरगरीत व्हायची आणि फुटबॉलचा बटाटा व्हायचा. गवत म्हणजे नुसता हिरवा गाळ आणि माणसं म्हणजे त्यात हलणारे रंगीत डाग.

अख्ख्या इमारतीत घरोघरी एचडी आलं होतं. राहिले होते एकटे मास्तर. केबलवाला उंच आणि काटकुळा. त्याला सगळे अँटेना म्हणत आणि तोही खुशाल ओ देई. दर फेरीला तो मास्तरांच्या दारात उभा राहायचा.

"मास्तर, आता तरी बदला की हो. माझी लाज जाते. लोक विचारतात, त्या घरात कनेक्शन कुणाचं आहे म्हणून."

"मला दिसतंय तेवढं पुरे आहे."

"अहो, काय दिसतंय? परवा तुम्ही हवामानाच्या नकाशाला मॅच समजून बसला होतात!"

"नकाशाच चांगला चालला होता," मास्तर म्हणायचे आणि दार लोटून घ्यायचे.

हट्टी माणूस! पण नुसता हट्ट असता तर गोष्ट सांगण्यासारखं काही उरलंच नसतं. हट्टाच्या पोटात भीती होती. आणि ती भीती अशी होती की ती कुणाला सांगितली असती तर लोकांनी येड्यात काढलं असतं.

मास्तर म्हणजे शिंपी. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं दुकान त्यांचं. एके काळी तिथे सूट शिवून घ्यायला रांग लागायची. तयार कपड्यांची दुकानं आली आणि रांग आटली. आता काम यायचं ते पँट खालून आखूड कर, चेन बदल, कमरेत सैल कर, असलं. मास्तर तेही करायचे, पण तोंड कडू करून. लग्न त्यांनी केलं नाही. आईवडील लवकर गेले आणि पदरात धाकटा भाऊ आला. त्याचं दुखणंखुपणं, शाळा, डबा, जावळापासून दाढीपर्यंत सगळं यांनीच पाहिलं. स्वतःच्या लग्नाचं बघू बघू म्हणता म्हणता वय उलटून गेलं, आणि नंतर बघायला कुणी सांगेनासं झालं.

रविवारी दुपारी दुकान बंद असायचं. रविवारीच मॅच असायची. मास्तर चहाचं भांडं गॅसवरून उतरवायचे, खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढायचे आणि बसायचे. आता गंमत बघा. जुन्या डब्यावरचं चित्र एचडीच्या थोडं आधी यायचं. का, ते अँटेनाला ठाऊक. पण व्हायचं असं की गोल पडला की मास्तर खुर्चीतून उठायचे, "अरे वा!" म्हणायचे, आणि घरात कुणीच नाही हे ध्यानात येऊन पुन्हा बसायचे. मग, त्यांचा आनंद निवल्यावर, सगळ्या इमारतीतून एकदम आरोळी उठायची. वरून, खालून, समोरून. लोकांचा गोल होईपर्यंत मास्तरांचा गोल शिळा झालेला असायचा. इमारतीबरोबर ओरडायचं त्यांच्या नशिबातच नव्हतं.

पण मास्तर गोल बघायला बसतच नव्हते.

मैदानाच्या काठावर, रेघेच्या बाहेर, एक माणूस असायचा. कॅमेरावाल्यांच्या मागे जाड केबल ओढत चालणारा. कॅमेरा धावला की हा धावायचा, थांबला की थांबायचा. गडद जाकीट, बहुतेक वेळ पाठमोरा. खेळ काठाकाठाने चालला की तो दिसायचा, आत गेला की नाहीसा व्हायचा. बघणाऱ्यांपैकी कुणाच्या खिजगणतीत नसेल असा माणूस. आणि त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली होता.

मास्तरांचा धाकटाही तसाच होता. लहानपणी कटिंगच्या टेबलावरून खाली पडला आणि खांद्याचं हाड मोडलं. जुळलं ते जरा उतरूनच. पोरं हसतील म्हणून मास्तरांनी त्याच्या प्रत्येक सदऱ्याला, प्रत्येक कोटाला आतून डाव्या बाजूला पॅड घालायला सुरुवात केली. जगाला धाकट्याचे दोन्ही खांदे सारखे दिसायचे. खरं काय ते माहीत होतं मास्तरांना आणि मास्तरांच्या सुईला.

असा हा धाकटा दुकानात बसायला लागला, पण त्याचा जीव कापडात नव्हता. हातात कात्री आणि डोळे रस्त्यावर. एकदा एका बड्या गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड त्याने उलट्या बाजूने कापलं. चूक मोठी होती, पण जगात कापड काही संपलं नव्हतं. गिऱ्हाईक समोर उभं, वाट्टेल ते बोलतंय. आणि मास्तरांनी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"कात्री ठेव खाली. तुझी लायकी नाही. उद्यापासून या दुकानात पाऊल टाकायचं नाही!"

हे सगळं खरं तर गिऱ्हाइकाच्या कानासाठी होतं. गिऱ्हाईक गेलं की "चल, जेवून घे" म्हणायचं, असं मास्तरांच्या मनात होतं. पण मनातलं मनात राहतं आणि तोंडातलं लागतं. धाकट्याने कात्री ठेवली, गळ्यातली टेप काढून तिच्यावर ठेवली आणि तो गेला. त्याच्यासाठी शिवायला घेतलेला कोट हँगरवर लटकत होता, डाव्या बाहीशिवाय. तो अजून तसाच आहे, मास्तरांच्या कपाटात.

नंतर बऱ्याच दिवसांनी त्याचा एकदा फोन आला होता. मास्तर मशीनवर होते, पायाखाली मशीन, तोंडात टाचण्या. धाकटा म्हणाला, "दादा, मी बोलतोय." आणि या शहाण्या माणसाने काय विचारावं? "काय काम आहे?" पलीकडून, "काही नाही. सहजच." आणि फोन बंद. मास्तर टाचण्या तोंडातून काढेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

यांनी उलटा फोन केला का? नाही. मी मोठा, मी का वाकू? त्यानेच करावा, त्याची गरज असेल तर. असा विचार एक दिवस केला, दुसऱ्या दिवशी केला, आणि मग त्या विचाराची सवय झाली.

पुढे कधीतरी पँट आखूड करायला आलेल्या एकाने सांगितलं, "तुमचा धाकटा टीव्हीवाल्यांकडे लागलाय म्हणे. मॅचेसना केबल ओढतो." मास्तरांनी "असेल" म्हटलं आणि पँटला उलटी टीप मारली. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी फुटबॉल लावला. आयुष्यात पहिल्यांदा. काठावरचा तो माणूस दिसला, खांदा दिसला, आणि मास्तरांच्या डोळ्यांना पाणी आलं.

तेव्हापासून दर रविवारी दोघा भावांची अशी भेट व्हायची. एकाला ती माहीत होती, दुसऱ्याला नव्हती. मास्तर चित्राशी बोलायचे. "टोपी घाल की. ऊन किती आहे." "हळू रे, पाय अडकेल." "आज दमलेला दिसतोस." एकदा तर ते टेप घेऊन टीव्हीच्या काचेवर त्या डागाचा खांदा मोजत होते, तेवढ्यात समोरच्या वहिनी वाटी परत करायला आल्या.

"अहो मास्तर, टीव्हीला सदरा शिवताय की काय?"

"काच पुसत होतो."

"टेपने?"

वहिनी हसत हसत गेल्या, पण मोठ्या मनाची बाई. कुठे बोलल्या नाहीत.

आता कळलं ना, एचडीला नाही का म्हणायचे ते? अँटेना एकदा शेखी मिरवत म्हणाला होता, "मास्तर, एचडीत खेळाडूच्या शर्टाची टीप दिसते, टीप! कपाळावरचा घाम दिसतो. काठावर उभी असलेली माणसंसुद्धा ओळखू येतात, नावानिशी." बस्स. ते शेवटचं वाक्य मास्तरांच्या डोक्यात जाऊन बसलं. तो माणूस ओळखू आला, आणि तो धाकटा नसला तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली आणि रिकामी निघाली तर रविवारचं काय करायचं? आणि रविवारच गेला तर बाकीचे वार ढकलायचे कशाच्या जोरावर?

मास्तर स्वतःशी वाद घालायचे. कधी वाटायचं, घ्यावं. चेहरा दिसेल. केस पांढरे झालेत का, चष्मा लागलाय का, गालफडं बसली आहेत का भरली आहेत, ते कळेल. हे सगळं बघायची केवढी भूक होती त्यांना! हात फोनवर जायचा, अँटेनाचा नंबर काढायचे, आणि मग पुन्हा फोन उपडा ठेवायचे. दुधाची तहान ताकावर भागत होती. ताक सांडायची जोखीम कोण घेणार?

अँटेना म्हणायचा, "महिनाभर वापरून बघा. नाही आवडलं तर जुना डबा परत लावून देतो." त्याचं बरोबर होतं. डबा परत लावता येतो. पण एकदा दिसलेलं न दिसल्यासारखं करता येत नाही, त्याचं काय?

आणि एक गोष्ट मास्तर स्वतःशीही बोलत नव्हते, ती मीच सांगतो. तो डाग दिसत होता तोवर फोन करायची गरज नव्हती. दिसतोय ना? चालतोय, फिरतोय, कामावर आहे. मग विचारायचं काय? डागामुळे मास्तरांचा मोठेपणा शाबूत होता.

असं किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. पण एका रविवारी काठाकाठाने दोन खेळाडू बॉलमागे धावत आले, एकमेकांत अडकले आणि तसेच गडगडत रेघेबाहेर जाऊन त्या केबलवाल्या माणसावर आदळले. तिघेही खाली. खेळाडू उठले. तो उठला नाही. दोघं-तिघं धावत गेले, त्याच्याभोवती वाकले, आणि चित्र बदललं! मैदानाच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी चाललं होतं, ते दाखवायला लागले.

"अरे, तिकडे काय दाखवता? इकडे दाखवा!" मास्तर टीव्हीवर ओरडले. त्यांनी टीव्हीची कड धरून तो हलवला, जणू हलवल्याने कॅमेरा वळणार होता. मॅच संपली तरी त्या काठावर पुन्हा कुणी कॅमेरा नेला नाही.

तो आठवडा मास्तरांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. एका बाईच्या झग्याची बाही त्यांनी उलटी लावली, आणि ती उसवून पुन्हा उलटीच लावली. जेवणावर मन नाही. हाड मोडलं असेल का? तोच खांदा असेल का? आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, नंबर आहे ना तुझ्याकडे, मग कर ना फोन! मीही तेच म्हणतो. पण नाही. फोन हातात घ्यायचे, 'धाकटा' हे नाव काढायचे, त्या नावाकडे बघायचे आणि खिशात ठेवायचे. 'काय काम आहे?' हे स्वतःचेच शब्द त्यांना आडवे यायचे.

पुढच्या रविवारी काठावर माणूस होता. पण तो लंगडत होता की गवत खालीवर होतं? हात गळ्यात अडकवलेला होता की ती जाकिटाची घडी होती? मास्तरांनी नाक काचेला लावलं. जितकं जवळ जावं तितके नुसते चौकोन. दुखावलेल्या माणसाला बघायला जावं आणि दारात धुकं आडवं यावं, तसं झालं. शेवटी भीती हरली. मॅच अर्धी टाकून त्यांनी अँटेनाला फोन लावला.

"एचडी बसव."

"कोण बोलतंय?"

"मी मास्तर."

"मास्तर, तब्येत बरी आहे ना?"

"फार बोलू नकोस. पुढच्या रविवारच्या आत बसव."

अँटेनाने बसवलं. दोन तारा काढल्या, दोन घातल्या, जुना डबा काखेत मारला. टीव्ही लागला आणि मास्तरांना आपल्याच घरात परकं वाटायला लागलं. बातम्या देणारी बाई बारीक झाली होती. तिच्या कोटाची कॉलर डावीकडे जरा उचललेली होती, शिवणाऱ्याने आतलं कापड चुकीचं कापलं होतं, तेही दिसलं. वहिनी मुद्दाम बघायला आल्या. "आता कसं!" म्हणाल्या. "इतके दिवस आंधळ्यासारखं बसायचात." मास्तरांनी मान हलवली.

रविवार आला. मास्तरांनी दाढी केली. स्वच्छ सदरा घातला. खुर्ची मात्र मागे ठेवली, भिंतीला टेकून. पुढे जायचं धाडस होईना. मैदान उघडलं आणि गवताचं पातं न् पातं दिसलं. बाकांवरचे लोक दिसले, त्यांच्या हातातले कागदाचे कप दिसले. चित्र रुंदही झालं होतं. जुन्या डब्यात कडेचा भाग कापलाच जायचा, तो आता पुरा होता. खेळ सुरू झाला. बॉल काठाकडे आला. त्याच्यामागे चित्र आलं.

आणि तो दिसला.

पन्नाशी ओलांडलेला, जाड मिशांचा, रुंद हाडापेराचा माणूस. हनुवटीवर मलमपट्टी होती, मागच्या पडण्याची. चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता आणि तो मास्तरांनी जन्मात पाहिलेला नव्हता. डाव्या खांद्यावर जाड, काळ्या केबलचं भलंमोठं वेटोळं होतं. जाकीट काळं, वेटोळं काळं. जुन्या डब्यात दोन्ही एक होऊन जायचं. खेळ पुढे सरकला तसं त्याने वेटोळं उतरवून जमिनीवर ठेवलं. आणि त्याचे दोन्ही खांदे सारखे झाले. अगदी रेघेत.

मास्तरांनी इतकी वर्षं केबलच्या ओझ्याला भावाचा खांदा मानलं होतं. शिंप्याची नजर! कापडाखालचं हाड ओळखणारी म्हणून सगळ्यांना सांगायचे. तेल गेलं, तूपही गेलं.

ते हललेसुद्धा नाहीत. गोल पडला. आज मास्तरांचा आणि इमारतीचा गोल पहिल्यांदाच एका वेळी पडला, वरून खालून एकदम आरोळी आली, आणि तेव्हा मास्तर ओरडले नाहीत. त्यांना एवढंच वाटत होतं, की घरातून कुणीतरी उठून गेलंय. ज्याच्याशी बोलत होतो, ज्याला टोपी घालायला सांगत होतो, तो कुणीतरी तिसराच होता. मग आपला कुठे आहे? कुठल्या गावात आहे? खातोपितो का? आहे तरी का? आणि 'आहे तरी का' हा प्रश्न मनात आल्यावर मात्र मास्तर ताडकन उठले. मोठेपणा गेला चुलीत. मध्यंतराची शिट्टी वाजत होती तेव्हा त्यांचा फोन कानाला होता.

घंटी वाजत राहिली. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. हा नंबर आता दुसऱ्या कुणाचा असेल, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

"हॅलो?"

आवाज जाड झाला होता. पण 'हॅलो'चा 'लो' लांबवायची खोड तीच.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले.

पलीकडे माणसांची गर्दी होती, गलका होता. त्या गलक्यात एक माणूस गप्प झालेला मास्तरांना ऐकू आला.

"दादा?" आणि मग, कोरड्या आवाजात, "काय काम आहे?"

देणं फिटलं होतं. यावर आता काहीही बोलायचा हक्क आपल्याला नाही, हे त्यांना कळलं.

"काही नाही," ते म्हणाले. "सहजच."

आता फोन बंद होईल, असं त्यांना वाटलं. तो बंद झाला नाही. गर्दीतून भोंग्यावर कुणीतरी बोलत होतं: 'फाटकासमोर हिरवी गाडी लावणाऱ्यांनी कृपया गाडी हलवावी.' आणि मास्तर काही म्हणणार, तेवढ्यात तोच भोंगा त्यांच्या टीव्हीतून बोलला. फाटकासमोर, हिरवी गाडी, कृपया.

"तू मैदानावर आहेस?" मास्तर जवळजवळ ओरडलेच. "ही मॅच, आता चाललीय ती?"

"हो. कामावर आहे."

"कुठे उभा आहेस? मला दिसत नाहीस तू! मी एचडी घेतलंय, सगळं स्वच्छ दिसतंय, गवतसुद्धा दिसतंय. तू कुठे दिसत नाहीस."

धाकट्याला हसू आलं असावं. निदान श्वास तसा ऐकू आला.

"मी कसा दिसेन, दादा? कॅमेरा माझ्याच खांद्यावर असतो."

"कॅमेरा?"

"केबल ओढायचो ते सुरुवातीला. आता किती वर्षं कॅमेऱ्यावरच आहे. काठावरचा कॅमेरा. खेळाडू जवळून दिसतात, त्यांचे पाय दिसतात, तो माझा."

मास्तर खुर्चीत बसले. इतके रविवार ते ज्याला शोधत होते, तो दाखवत होता आणि हे बघत होते.

"कुठल्या खांद्यावर घेतोस?" त्यांना दुसरं काही सुचलंच नाही.

"उजव्या. डावा कुठे चालतो ओझ्याला."

"दुखतो?"

"थंडीत."

विचारायचं इतकं होतं की त्यातलं पहिलं कुठलं ते मास्तरांना ठरवता येईना. तुझा कोट आहे माझ्याकडे, असं ओठावर आलं होतं. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी धाकट्याला हाक मारली.

"ठेवतो दादा. सुरू होतंय."

"हो, हो. ठेव. काम आधी."

पुन्हा कर, असं तो म्हणाला नाही. करतो, असंही म्हणाला नाही. फोन बंद झाला आणि खोलीत पुन्हा एकटा टीव्ही बोलायला लागला. समोर वहिनींच्या घरात कुणीतरी खळखळून हसलं. मास्तर हातातल्या फोनकडे बघत राहिले.

खेळाडू मैदानात परतायला लागले. चित्र बदललं. अगदी जवळून घेतलेले बूट दिसले, खिळ्यांना चिकटलेली माती दिसली. कॅमेरा त्यांच्यापुढे मागे मागे सरकत होता. ऊन उतरलं होतं, कॅमेऱ्याच्या पाठीमागून येत होतं, आणि बुटांच्या पुढ्यात गवतावर एक लांबलचक सावली पडली होती. डोकं. एका खांद्यावर कॅमेऱ्याचा उंचवटा. दुसरा खांदा उतरता.

त्या खांद्यावर ओझं काही नव्हतं. तो आपला आपणच उतरता होता.

सावली उलट पावलांनी गवतावरून सरकत चालली होती. मास्तर खुर्चीतून उठले, टीव्हीजवळ गेले, आणि नेहमीच्या सवयीने, पण आज कुणाशी बोलतोय ते पक्कं माहीत असल्यासारखं, हळूच म्हणाले,

"मागे बघून चाल रे. पडशील."